खुलभर दूध आणि आठवड्याचा बाजार

श्रावणात असा एकही वार उगवत नाही की ज्याला स्वतःचे दैवत नाही. सोमवार शंकराचा, मंगळवार मंगळागौरीचा, बुधवार आणि गुरुवार बुध-बृहस्पतींचे, शुक्रवार जिवतीचा, शनिवार नृसिंहाचा आणि मारुतीचा, तर रविवार आदित्य-राणूबाईचा. देवघराच्या भिंतीवर जिवतीचा कागद लागतो, बेल, आघाडा आणि दूर्वा यांनी तबक भरते आणि बाहेर ऊनपावसाचा लपंडाव चालू असताना घरात कहाण्यांचे वाचन होते. हे सारे मंगल खरेच. परंतु त्याच वेळी स्वयंपाकघरात गृहिणीच्या मनात एक निराळेच गणित चाललेले असते. वार सात, नैवेद्य सात तऱ्हांचे, आल्यागेल्याचे पान निराळे, आणि आठवड्याच्या बाजाराला काढून ठेवलेली रक्कम मात्र आषाढात होती तेवढीच!

ऋण काढून सण करू नये, असे आपले वाडवडील सांगत आले. सण करू नये असे मात्र त्यांनी सांगितले नाही. या दोन गोष्टींतील अंतर जिला उमगले, तिच्या घरी श्रावण आनंदाने येतो आणि समाधानाने जातो. ते अंतर कसे राखावे, किराणा आणि भाजी यांवरचा खर्च आठवड्याच्या आठवड्याला कोठे आवरावा आणि कोठे मुळीच आवरू नये, याचा विचार आज वाचकांपुढे मांडावा असे आम्ही योजिले आहे.

राजाचे दूध आणि म्हातारीचे दूध

या विचाराचा आरंभ आम्ही सोमवारच्या एका परिचित कहाणीपासून करतो. खुलभर दुधाची कहाणी ठाऊक नाही असे मराठी घर विरळाच. एका राजाने महादेवाचा गाभारा दुधाने भरण्याचा संकल्प केला आणि नगरातले सारे दूध देवळात आणण्याची आज्ञा दिली. लोकांनी धाकाने मुलांच्या तोंडचे आणि वासरांच्या वाट्याचे दूधसुद्धा नेऊन ओतले, तरी गाभारा भरेना. दुपारी एक म्हातारी आली. तिने आधी घरच्या मुलाबाळांना खाऊपिऊ घातले होते, गाईवासरांना तृप्त केले होते, सुनांना आणि लेकींना समाधान दिले होते. मग उरलेले खुलभर दूध घेऊन ती देवळात आली, भक्तिभावाने तिने ते वाहिले आणि गाभारा काठोकाठ भरला.

ही कहाणी आपण भक्तीची म्हणून ऐकतो आणि ती भक्तीची आहेच. पण ती घरखर्चाचीही आहे. राजाने दूध गोळा केले ते इतरांच्या पोटातून. म्हातारीने वाचवले ते आपल्या नेटकेपणातून. राजाच्या घागरी मोठ्या होत्या, पण त्यांत मुलांची तळमळ मिसळलेली होती. म्हातारीचे भांडे लहान होते, पण तिच्या मागे घर तृप्त होते. घरातील बचतही याच दोन जातींची असते. एक बचत कुणाच्या तरी ताटातून काढलेली, तर दुसरी गळती बुजवून साधलेली. पहिली देवालाही रुचत नाही. दुसरीने मात्र घर भरते. आठवड्याच्या बाजाराची कोणतीही युक्ती याच कसोटीवर घासून घ्यावी, असे आमचे मत आहे.

आधी डबे, मग यादी, मग पिशवी

बाजारातील पुष्कळसा व्यर्थ खर्च दुकानात होतो असे आपण समजतो. वस्तुतः तो घरातून निघतानाच ठरलेला असतो. कोणत्या डब्यात काय शिल्लक आहे हे न पाहता जी पिशवी उचलली जाते, ती परत येताना घरात असलेलीच हळद आणि घरात असलेलाच साबुदाणा घेऊन येते. म्हणून बाजाराच्या आदल्या सायंकाळी पाच मिनिटे डब्यांची पाहणी करावी आणि मगच यादी लिहावी.

यादी करताना जिन्नस आधी आणि स्वयंपाक मागाहून, असे करू नये. आधी सात दिवसांचे स्वयंपाक मनाशी ठरवावेत आणि त्यांतून जिन्नस काढावेत. या बाबतीत श्रावण हा तर गृहिणीचा सहायकच होय, कारण निम्मे वार त्याने आधीच ठरवून दिलेले असतात. सोमवारी दिवसभर उपवास आणि सायंकाळी भोजन. शुक्रवारी पुरण. शनिवारी एखाद्या मुंजाला जेवू घालण्याची रीत. मंगळागौर असेल त्या मंगळवारी पंगत. राहिलेल्या वारांना आमटी-भात, पोळी-भाजी आणि एखादी उसळ. एवढे कागदावर उतरले की कोणती डाळ किती लागणार हे आपोआप कळते.

आपल्या जुन्या स्वयंपाकात एका जिनसातून दोन पदार्थ साधण्याची किती सुरेख सोय आहे पाहा. पुरणासाठी हरभऱ्याची डाळ शिजवली की वरचे पाणी, म्हणजे कट, कुणी ओतून देत नाही. त्याची कटाची आमटी होते आणि तीही नैवेद्याच्या पानात मानाने वाढली जाते. आठवडाभराची साय विरजून लोणी काढले तर शुक्रवारच्या पुरणपोळीवरचे तूप घरचेच होते, ताकाची कढी होते आणि तूप कढवल्यावर तळाशी उरलेली बेरी मुलांना साखरेबरोबर खाऊ म्हणून मिळते. मटकी किंवा मूग भिजवून मोड आणले की दाण्याचे वजन दुपटीहून अधिक वाढते. पाव किलो मटकीत पाच माणसांची उसळ होते. यात कुणाच्याही ताटातून काही कमी झाले नाही. उलट ताटात एक पदार्थ वाढलाच.

यादी हाती असेल तर एकाच फेरीत बाजार आटोपावा. हल्ली भ्रमणध्वनीवर बोट ठेवताच काही मिनिटांत जिन्नस दाराशी येतो. अडल्या वेळी, आजारपणात ही सोय उपकारक आहे यात शंका नाही. पण कोथिंबिरीची जुडी मागवताना सोबत आणखी तीन वस्तू मागवल्या जातात, आणि पैसे हातातून मोजून न जाता नुसत्या आकड्याने जातात, त्यामुळे गेल्याची जाणीवही उरत नाही. ज्या घरांत आठवड्याची रक्कम एका डब्यात निराळी ठेवून तीतूनच बाजार होतो, तेथे डब्याचा तळ स्वतःच बोलू लागतो. रोख नको असेल तर निदान प्रत्येक खर्च त्याच दिवशी वहीत टिपावा. लक्ष्मी चंचल खरी, पण जिथे तिची नोंद होते तिथे ती थोडी अधिक रेंगाळते.

चातुर्मासाचे नियम आणि बाजारभाव

आषाढ शुद्ध नवमीला कांदेनवमी करून अनेक घरांत चातुर्मासाचा कांदा-लसूण वर्ज्य होतो. या नियमाचे मूळ धर्मभावनेत आहे आणि तेथेच ते राहू द्यावे. परंतु बाजाराकडे पाहणाऱ्याला एक योगायोग दिसल्यावाचून राहत नाही. रब्बीचा कांदा मार्च ते मे या काळात निघतो आणि चाळीत साठवला जातो. पावसाळी दमट हवेत तो सडू लागतो, मोड धरतो, साठा आटत जातो आणि खरिपाचा नवा कांदा येईपर्यंत, म्हणजे साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत, भाव चढण्याचा संभव असतो. २०१९ साली पाऊस लांबल्याने खरिपाचा कांदाच बुडाला आणि त्या डिसेंबरात अनेक शहरांत कांदा किलोमागे शंभर रुपयांच्या पुढे गेला. कांदा स्वस्त झाला की शेतकऱ्याच्या डोळ्यांत पाणी येते आणि महाग झाला की गृहिणीच्या. चातुर्मास पाळणारे घर निदान या दुसऱ्या अश्रूंतून काही अंशी सुटते.

टोमॅटोची गोष्टही अशीच. २०२३ साली अधिक श्रावण आला होता. त्याच जुलैत टोमॅटोचा भाव अनेक ठिकाणी किलोला शंभरावर गेला आणि काही शहरांतून केंद्र शासनाला सवलतीच्या दराने टोमॅटो विकण्याची व्यवस्था करावी लागली. पण आंबटपणासाठी टोमॅटोच हवा, असा आग्रह आपल्या जुन्या स्वयंपाकाने कधी धरलेला नाही. कोकणात आमसूल आहे, देशावर चिंच आहे, घरोघर ताक आहे. उन्हाळ्यात वाळवलेल्या कैरीच्या फोडी आहेत. भाव उतरेपर्यंत त्यांच्याकडे वळले तर आमटीची चव बिघडत नाही, उलट तिला आपली जुनी चव पुन्हा लाभते.

पावसाळ्यात मेथी, पालक आणि कोथिंबीर चिखलाने माखून येतात. त्या लवकर सडतात आणि महागही मिळतात. याच दिवसांत निसर्ग मात्र न पेरता, न खुरपता भाज्यांचे दुसरे भांडार उघडतो. कोकणात टाकळा, भारंगी आणि फोडशी. विदर्भात तोच टाकळा तरोटा होऊन येतो आणि करटोल्याला कटवल म्हणतात. देशावर घोळ आणि तांदुळजा. आठवडी बाजारात आदिवासी भगिनी या रानभाज्यांचे वाटे मांडून बसतात, आणि कृषी विभागाच्या वतीने ठिकठिकाणी रानभाजी महोत्सवही भरतात. एवढेच ध्यानात ठेवावे की अनोळखी पाला आपल्या तर्काने खुडू नये. जाणत्याकडूनच भाजी घ्यावी आणि ती कशी शिजवावी हेही त्यालाच विचारावे. अळूचे फदफदे तर श्रावणाच्या पानातील मानकरीच. त्याची पाने आमटीला, मोठी पाने वडीला आणि देठ दह्यातल्या देठीला. ऋषिपंचमीच्या दिवशी बैलाच्या श्रमाविना पिकलेल्या भाज्यांची एकत्र भाजी करण्याची आपली रीत आहे. त्या त्या ऋतूत जे परसात सहज उगवते ते गोड मानून घ्यावे, ही तिची शिकवण वर्षातून एकच दिवस पाळण्याचे कारण नाही.

उपवासाची खरेदी

आता एका नाजूक विषयाला हात घालतो. एकादशी आणि दुप्पट खाशी, ही म्हण आपल्याच पूर्वजांनी आपल्याच थट्टेसाठी केली आहे. श्रावणातल्या अनेक घरांची यादी पाहिली तर उपवासाच्या दिवसाचा खर्च इतर दिवसांपेक्षा जास्त भरतो. साबुदाणा, शेंगदाणे, बटाटे, त्यांना लागणारे सढळ तूप, वर वेफर, चिवडा आणि सुका मेवा. ज्या दिवशी कमी खावे म्हणून व्रत घेतले, त्या दिवशी पाकिटावर ‘उपवासाचे’ असा शब्द छापलेला पाहून आपण दुप्पट दाम मोजतो!

उपवास या शब्दाचा अर्थच देवाच्या समीप राहणे असा आहे. वरी, राजगिरा, रताळे, काकडी, ताक आणि एखादे त्या ऋतूतले फळ एवढ्यावर शरीर हलके राहते आणि मन पूजेत रमते. साबुदाण्याची खिचडी वर्ज्य करा असे आम्ही म्हणत नाही. ती घरातल्या मुलांचा आनंद आहे. पण खिचडी केली तर त्याच दिवशी वडे आणि थालीपीठ नको. श्रावणी सोमवारी सायंकाळी उपवास सोडायचा असतो. दुपारच्या फराळाचा पसारा आवरला तर सायंकाळच्या वरणभाताला खरी चव येते. प्रकृती नाजूक असलेल्यांनी, गरोदर स्त्रियांनी आणि मधुमेहाचे औषध घेणाऱ्यांनी मात्र वैद्याच्या सल्ल्यानेच उपवास करावा. त्यात काटकसरीचा विचार आणूच नये.

शेर, पायली आणि पुड्यावरची बारीक अक्षरे

एके काळी आपल्या आज्यांच्या तोंडी मापे होती. दोन चिपटी म्हणजे एक मापटे, दोन मापटी म्हणजे शेर, दोन शेरांची अधोली आणि दोन अधोल्यांची पायली. वाण्याने माप भरताना अंगठा आत घातला की ते त्यांच्या नजरेतून सुटत नसे. आज माप पाकिटात बंद झाले आहे आणि अंगठ्याची जागा बारीक अक्षरांनी घेतली आहे. म्हणून आजीची ती नजर आता पाकिटाकडे वळवायला हवी.

पुडा तोच, रंग तोच, किंमतही तीच आणि आतला माल मात्र थोडा कमी, असा अनुभव पुष्कळांना येतो. केंद्र शासनाने २०२१ साली वेष्टित वस्तूंच्या नियमांत बदल केला. ठराविक जिन्नस ठराविक वजनांच्याच पुड्यांत विकण्याचे बंधन काढले आणि त्याऐवजी एका ग्रॅमला, किलोला किंवा लिटरला काय किंमत पडते ती पुड्यावर छापण्याची तरतूद केली. ग्राहकाच्या हाती आलेले हे फार मोठे शस्त्र आहे, पण ते वाचले तरच चालते. समजा, एका डाळीचा चारशे ग्रॅमचा पुडा ६८ रुपयांना आहे आणि पाचशे ग्रॅमचा ८० रुपयांना. पहिला स्वस्त दिसतो. हिशेब केला तर पहिल्याचा भाव किलोला १७० पडतो आणि दुसऱ्याचा १६०. मोठा पुडा नेहमीच स्वस्त असतो असेही नाही. आकडा पाहूनच निर्णय करावा.

खाद्यतेलात तर विशेष दक्षता हवी. एक लिटर तेलाचे वजन साधारण ९१० ग्रॅम भरते. शेजारीच आठशे किंवा साडेआठशे ग्रॅमची तशीच दिसणारी पिशवी ठेवलेली असते आणि घाईत तीच उचलली जाते. तेव्हा दर्शनी किंमत न पाहता आतले वजन पाहावे. सुट्या मालाचाही विचार करावा. १८ जुलै २०२२ पासून पंचवीस किलोंपर्यंतच्या वेष्टित आणि लेबल लावलेल्या धान्य, डाळी व पिठांवर पाच टक्के वस्तू व सेवा कर लागू झाला. त्याच वेळी सुटे मोजून दिलेले धान्य त्यातून वगळले गेले. ओळखीच्या, स्वच्छता राखणाऱ्या वाण्याकडचा सुटा तांदूळ आणि डाळ म्हणूनही परवडते. तो निवडण्याचे थोडे कष्ट मात्र आपण घ्यायला हवेत.

पावसाळ्यात साठा किती करावा

स्वस्तात मिळते म्हणून भरमसाट भरावे हा मोह श्रावणात विशेष घातक. गहू, तांदूळ आणि तूरडाळ यांची वर्षाची बेगमी उन्हाळ्यात कडक ऊन देऊन करायची असते. कडुलिंबाचा पाला, डाळीला एरंडेलाचा हात, हे उपाय त्या वेळचे. पावसाळ्यात आणलेल्या रव्याला जाळी धरते, बेसनात अळ्या होतात, गुळाला पाणी सुटते, शेंगदाणे खवट होतात. महिन्याचा रवा स्वस्तात आणून त्यातला निम्मा टाकावा लागला, तर तो स्वस्त कसला? या दिवसांत रवा, बेसन आणि शेंगदाणे आठवड्यापुरतेच आणावेत. रवा आणल्याबरोबर कोरडा भाजून ठेवला तर टिकतो. नवा जिन्नस जुन्याच्या मागे ठेवावा आणि जुना आधी संपवावा, एवढा एक नियम पाळला तरी पुष्कळ नासाडी टळते.

अन्न टाकणे म्हणजे पैसा टाकणे

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालात भारतातील घरांतून माणशी वर्षाला सुमारे ५५ किलो अन्न वाया जाते, असा अंदाज दिला आहे. त्यात साली-देठांचाही समावेश आहे हे खरे. तरीही पाच माणसांच्या घराचा हा हिशेब आठवड्याला पाच किलोंवर जातो. आपण बाजारातून आणतो त्या भाजीच्या पिशवीचे वजन आठवावे, म्हणजे या आकड्याचा अर्थ कळेल.

अन्नाला पूर्णब्रह्म मानणाऱ्या आपल्या संस्कृतीत टाकण्याआधी विचार करण्याची रीत पूर्वीपासून आहे. दोडक्याच्या शिरांची चटणी, दुधीच्या सालींची चटणी, लाल भोपळा फार झाला तर त्याच्या घाऱ्या, उरलेल्या पोळीचा कुस्करा किंवा गूळतुपाचा लाडू, उरलेल्या आमटीत पीठ मळून थालीपीठ. श्रावणातल्या शिळासप्तमीला तर चूल न पेटवता आदल्या दिवशीचे अन्न देवीचा प्रसाद म्हणून घेतले जाते. मात्र पावसाळी हवेत शिजलेला भात आणि डाळ रात्रभर उघड्यावर ठेवू नये. आंबूस झालेले अन्न संपवण्यात काटकसर नाही, आजारपणाला आमंत्रण आहे. मुळात मोजून शिजवणे हा सर्वांत सोपा उपाय. पानात थोडे वाढावे, आग्रह मात्र पुन्हा पुन्हा करावा. त्यात पाहुण्याचाही मान राहतो आणि अन्नाचाही.

एकट्याने नव्हे, मिळून

महागाईचा प्रश्न एकट्या गृहिणीने आपल्या चुलीपुढे बसून सोडवायचा नाही, हे महाराष्ट्राच्या स्त्रियांनी पूर्वीच दाखवून दिले आहे. १९७२ च्या सुमारास मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर प्रभृतींच्या नेतृत्वाखाली निघालेले लाटणे मोर्चे आजही लोकांच्या स्मरणात आहेत. १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत स्थापन झाली. शेजारच्या कुटुंबांनी गट करावा, आपली मागणी एकत्र नोंदवावी, घाऊक भावाने माल आणावा आणि आपसांत वाटून घ्यावा, अशी तिची पद्धत आहे. आपल्या वाड्यातील किंवा गृहनिर्माण संस्थेतील पाच घरांनी मिळून तांदळाचे पोते, गुळाची ढेप किंवा तेलाचा मोठा डबा घेतला तर प्रत्येकाच्या वाट्याला बेताचाच साठा येतो आणि भावही घाऊक पडतो. मंगळागौरीला जागरण करणाऱ्या शेजारणींना एका पोत्याचे वाटे करणे अवघड का जावे?

घासाघीस कोठे करावी याचाही विवेक हवा. टोपलीभर भाजी घेऊन पहाटेपासून भिजत बसलेल्या म्हातारीशी दोन रुपयांसाठी हुज्जत घालायची आणि चकचकीत दुकानात छापील किंमत मुकाट्याने मोजायची, ही काटकसर नव्हे. दिवेलागणीला बाजार उठताना वाटे आपोआप स्वस्त होतात. तेव्हा जावे, राहिलेला वाटा घ्यावा. त्यात आपलेही साधते आणि तिलाही ओझे परत न्यावे लागत नाही.

गृहिणीचे ताट

आता त्या कसोटीकडे परत येतो. घरात पैसा अपुरा पडू लागला की पहिली काटछाट कोठे होते? मुलांचे दूध कमी होत नाही, कर्त्या पुरुषाची पोळी कमी होत नाही, पाहुण्याचे पान तर नाहीच. जी स्वयंपाक करते, सर्वांना वाढते आणि सर्वांत शेवटी बसते, तिच्या पानातली भाजी कमी होते. वरण तळाशी उरलेले असते आणि ‘मला भूकच नाही’ हे वाक्य तयार असते. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. महाराष्ट्रातही हे प्रमाण निम्म्याहून अधिकच होते. याची कारणे अनेक आहेत. परंतु शेवटच्या ताटातील रिकामी जागा हे त्यांपैकी एक नाही, असे कोण म्हणू शकेल?

अशी वाचवलेली डाळ म्हणजे त्या राजाचे दूध होय. ते कितीही ओतले तरी गाभारा भरणार नाही. व्रतामागून व्रत करणाऱ्या माउलीने उपवास आणि उपासमार यांतले अंतर राखले पाहिजे, आणि घरातल्या पुरुषांनी व मोठ्या झालेल्या मुलांनी ते तिला राखू दिले पाहिजे. निदान श्रावणात तरी सर्वांनी एका पंक्तीला बसावे आणि भांड्यातले अन्न सर्वांना सारखे वाटून घ्यावे. यादी करताना सर्व घराने तिच्याजवळ बसावे. डबे पाहणे, पुड्यावरची अक्षरे वाचणे आणि पिशवी उचलणे ही कामे शाळकरी मुलेही करू शकतात. हिशेब एकटीच्या डोक्यावर असला की काटही एकटीच्या पानाला लागतो. हिशेब सर्वांचा झाला की घराचे समाधानही सर्वांचे होते.

वाचलेल्या पैशाची वाट

या सर्व युक्त्यांतून समजा आठवड्याला शंभर रुपये वाचले. वर्षाचे ५,२०० रुपये होतात. थेंबे थेंबे तळे साचे, हे इथे आकड्यांत दिसते. पण त्या शंभराला आधीच वाट आखून दिली नाही, तर ते पुढच्याच बाजारात विरून जातात. म्हणून ते त्याच दिवशी निराळे काढावेत. काही मुलांच्या शिक्षणासाठी, काही आजारपणासाठी आणि एक लहानसा भाग देवाच्या नावाने.

श्रावणी सोमवारी नवविवाहिता शिवामूठ वाहतात. तांदूळ, तीळ, मूग, जव आणि पाचवा सोमवार आलाच तर सातू. प्रत्येक वेळी मूठभरच. पोते नव्हे, पायली नव्हे, मूठ. देवाने मागितले ते इतकेच. रोज स्वयंपाकाला तांदूळ काढताना त्यातला मूठभर निराळ्या मडक्यात टाकावा आणि महिन्याअखेरीस तो गरजूला द्यावा, ही रीतही आपल्याकडे जुनी आहे. गोव्यात पणजीच्या मुष्टिफंड संस्थेचे नावच अशा मूठभर धान्याच्या दानावरून पडले, आणि त्या मुठींतून विद्यादानाचे कार्य उभे राहिले.

तेव्हा या श्रावणात बाजाराला निघताना पिशवीबरोबर ती खुलभर दुधाची कहाणीही सोबत असू द्यावी. घरातली मुले जेवली का, म्हातारी माणसे तृप्त झाली का, जिने रांधले तिच्या पानात सर्व पदार्थ पडले का, दाराशी आलेला विन्मुख गेला नाही ना, एवढे विचारून मग जे उरेल ते देवाला वाहावे. ते खुलभरच असेल. पण गाभारा त्यानेच भरतो, अशी आपल्या पूर्वजांची श्रद्धा होती आणि आमचीही आहे. सर्व वाचकांच्या घरी हा श्रावण ऋणाविना आणि उण्याविना साजरा होवो, हीच श्रीशंकराच्या चरणी प्रार्थना.